टेलिफोटो झूमची तुलना: आधी लेन्स तिच्या स्वतःशीच ताडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी झूम आहे. पक्ष्यांसाठी आणखी लांबचा पल्ला हवा म्हणून तुम्ही दोन मित्रांकडून एक १००-४०० आणि एक १५०-६०० आणली. दुपारी तळ्याच्या या काठावरून पलीकडच्या झाडाचे फोटो हातात धरूनच काढले. पहिल्या दिवशी १००-४०० सरस वाटली, दुसऱ्या दिवशी १५०-६००. परीक्षणांत तिसरंच काही लिहिलेलं, आणि कंपन्यांचे एमटीएफ आलेख (लेन्स कॉन्ट्रास्ट आणि बारकावे किती टिकवते ते दाखवणारे) बघून गोंधळ आणखी वाढला. आता या दोघींत इमेज क्वालिटी कुणाची चांगली, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

एका लेन्सचं नाव सांगून उत्तर संपवता आलं असतं, पण अडचण तुमच्या वर्णनातच दिसतेय. लेन्स त्याच, झाड तेच, कॅमेरा तोच, आणि दोन दिवसांत निकाल उलटा. याचा अर्थ तुम्हाला जो फरक दिसला त्यात लेन्सचा वाटा थोडा होता आणि बाकीच्या गोष्टींचा फार मोठा. ३०० मिमीच्या पुढे हे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. छोट्या लेन्सवर न जाणवणाऱ्या चुका इथे लेन्समधल्या फरकापेक्षा मोठ्या होऊन बसतात.

उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो. पक्षी साधारण किती अंतरावर असतात, तुम्हाला आणखी जवळ जाता येतं का, उजेड कसा असतो, फोटो शेवटी स्क्रीनवर बघता की मोठे प्रिंट काढता, यावर निवड बदलते. तुमचा कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) आहे की मिररलेस (बिनआरशाचा) हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यानेही फरक पडतो. पण तुलना करायची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू होते, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

कुठलीही लांब लेन्स हातात आली की मी पहिली तुलना तिची तिच्याशीच करतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर बारीक तपशील असलेली स्थिर वस्तू, आणि एकाच सेटिंगवर दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेमआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि पुन्हा लावायचा. मग त्या दहांतली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट फ्रेम शेजारी शेजारी ठेवून १०० टक्क्यांवर (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) बघायची. दोन्ही एकाच लेन्सच्या आहेत, तरी त्यांच्यात जो फरक दिसतो ते तुमच्या चाचणीचं लघुतम माप. दोन वेगळ्या लेन्समधला फरक त्याहून छोटा असेल तर तो दिसला तरी धरायचा नाही. पहिल्यांदा हे करणाऱ्या बहुतेकांना धक्का बसतो, कारण ज्या फरकावर परीक्षणांत पानं भरलेली असतात तो एका लेन्सच्या दहा फ्रेममध्येच मावतो.

हे माप छोटं करत नेणं हेच खरं काम. ते मोठं का होतं, याची तीन कारणं आहेत: हवा, कंप आणि फोकस.

हवेकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि लांब लेन्सला ती सर्वांत जास्त छळते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा आणि तिच्या बाजूची थंड हवा यांची घनता वेगळी, त्यामुळे प्रकाश थोडा थोडा वाकत राहतो. डोळ्यांना फक्त उन्हात रस्त्यावर दिसणारी थरथर जाणवते, पण सेन्सरला त्याहून कितीतरी बारीक हालचाल कळते. हिशेब करून बघा: २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो. ६०० मिमीवर तो ३० मीटर अंतरावरचा जेमतेम ०.२ मिमी भाग टिपतो. तळ्यापलीकडचं झाड शंभर-दोनशे मीटर लांब, मध्ये दुपारची हवा, आणि तुम्ही एकेक पिक्सेल बघून लेन्सचा निकाल लावताय. तिथे कितीही चांगली लेन्स लावली तरी चित्र मऊच येणार. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये एकीत एक फांदी तीक्ष्ण आणि दुसरीत दुसरीच, असं दिसलं तर ती हवाच समजा. लेन्सचा दोष प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येतो, हवेचा जागा बदलतो. फक्त एवढी खूण लक्षात ठेवलीत तरी बरेच चुकीचे निष्कर्ष टळतील.

म्हणून चाचणी पहाटे किंवा ढगाळ हवेत करा, जमिनीला लागून नको, आणि वस्तू २० ते ३० मीटरपेक्षा लांब ठेवू नका. एसी चालू असलेल्या खोलीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढू नका, आतली आणि बाहेरची हवा नेमकी तुमच्या लेन्ससमोर मिसळत असते. तापलेल्या गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरली तर हुडमध्ये (लेन्सपुढच्या नळीत) अडकलेली गरम हवाही चित्र मऊ करते. लेन्स बाहेर काढून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग सुरू करा.

कंपाबद्दल कमी सांगायला लागेल. फोकल लेंग्थच्या व्यस्तात शटर स्पीड ठेवायचा (३०० मिमीला १/३०० सेकंद) हा नियम फिल्मच्या काळातला, बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी. आजच्या सेन्सरचे पिक्सेल बघायचे असतील तर तो पुरत नाही. चाचणीपुरती लेन्स तिच्या कॉलरवर (लेन्सभोवतीच्या कड्यावर) ट्रायपॉडला लावा, मधला खांब वर उचलू नका, वारा असेल तर थांबा. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून), मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरवर, आणि दोन्हीकडे टायमर किंवा रिमोट. भक्कम ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा) बंद ठेवा. ते चालू ठेवून हातात धरून लेन्स कशी चालते हेही बघायला हवं, कारण शेवटी तुम्ही तशीच वापरणार. पण ती चाचणी वेगळी. दोन्ही एकत्र केल्या तर काच बघताय की मोटर, हे कळत नाही.

फोकसचं प्रकरण मात्र खोल आहे. ६०० मिमी, एफ/६.३ (लेन्सच्या तोंडाचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं तोंड छोटं), ३० मीटर: एपीएस-सीसाठीच्या नेहमीच्या कोष्टकांप्रमाणे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली, सुमारे ६० सेंटिमीटर निघते. कागदावर हे भरपूर वाटतं. पण कोष्टकांतला स्पष्टतेचा निकष छोट्या प्रिंटचा आहे. एका पिक्सेलइतकी धूसरता हाच निकष धरला तर तीच खोली १२ सेंटिमीटरवर येते. फोकस दहा सेंटिमीटर पुढे-मागे झाला की उत्तम लेन्सही साधारण लेन्ससारखी दिसू लागते. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकसचा सेन्सर वेगळ्या जागी असतो, त्यामुळे लेन्स आणि कॅमेरा यांचं जुळत नसेल तर प्रत्येक फोटोत फोकस त्याच बाजूला घसरतो. झूममध्ये तर एका टोकाला तो बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकलेला, असंही होतं. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून ही घसरण बहुतांशी संपते. चाचणीसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस लावणं, आणि तरीही दर वेळी नव्याने लावून अनेक फ्रेम घेणं. त्यांतली सर्वांत चांगली फ्रेम लेन्सची कुवत दाखवते, आणि दहांतल्या किती चांगल्या आल्या त्यावरून ती कुवत प्रत्यक्षात किती वेळा हाती लागेल ते कळतं.

आता ४०० आणि ६०० यांची तुलना नेमकी कशी करायची. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. जिथे विषयाच्या जवळ जाता येतं तिथे दोन्ही लेन्सनी वस्तू चित्रात सारखीच मोठी दिसेल अशी उभी राहायची जागा बदला. पक्ष्यांच्या बाबतीत बहुधा तसं करता येत नाही, अंतर पक्षी ठरवतो. तेव्हा एकाच जागेवरून दोन्ही लेन्स त्यांच्या सर्वांत लांब टोकाला लावून फोटो घ्या आणि ४०० चा फोटो दीडपट मोठा करून ६०० च्या शेजारी ठेवा. ४०० च्या फोटोतून ६०० इतका भाग कापला की २४ पैकी जेमतेम १०.७ मेगापिक्सेल उरतात, कारण क्षेत्रफळ सव्वादोन पट घटतं. त्यामुळे पिक्सेलच्या पातळीवर थोडी मऊ दिसणारी ६०० देखील पिसांचा तपशील जास्त दाखवते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. अर्थात हवा आणि फोकस साथ देत असतील तरच. दोन्ही फोटो आपापल्या १०० टक्क्यांवर बघितले की ६०० वर अन्याय होतो, कारण तिथे तुम्ही पक्षी जास्त मोठा करून बघत असता.

शिवाय लेन्सवर छापलेला आकडा पूर्ण खरा मानू नका. फोकल लेंग्थ अनंत अंतरासाठी सांगितलेली असते, आणि आतल्या भिंगांनी फोकस करणाऱ्या अनेक झूम जवळ फोकस केला की आखूड होतात. निकॉनची २००९ सालची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू याचं प्रसिद्ध उदाहरण आहे: अगदी जवळच्या अंतरावर २०० च्या खुणेला ती साधारण १३५ मिमीइतकंच मोठं चित्र देते. म्हणून तुलना करताना छापील आकड्यापेक्षा वस्तू फोटोत किती पिक्सेल रुंद आली ते मोजा.

अ‍ॅपर्चर दोन तऱ्हांनी तपासा: आधी प्रत्येक लेन्स तिच्या पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, मग दोन्ही एफ/८ वर. या वर्गातल्या बहुतेक झूम लांब टोकाला आणि पूर्ण उघड्या असताना सर्वांत दुबळ्या असतात, आणि एफ/८ वर सावरतात. तिथे किती सावरतात हीच खरी बघण्याची गोष्ट. एफ/११ वर चाचणी करण्यात अर्थ नाही. विवर्तनामुळे (छोट्या तोंडातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) बिंदूची जी चकती पडते तिचा व्यास एफ/६.३ ला साधारण ८.५ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७ आणि एफ/११ ला १४.८ मायक्रॉन असतो. ३.९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एफ/११ ची चकती जवळपास चार पिक्सेल रुंद झाली, आणि ती चांगल्या-वाईट लेन्सना सारख्याच पातळीवर आणून ठेवते. ज्यांना सगळ्या लेन्स सारख्याच वाटतात त्यांच्या फोटोंचं अ‍ॅपर्चर मी आधी विचारतो.

एमटीएफ आलेखांनी तुमचा गोंधळ झाला, कारण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो तुमचा प्रश्नच नाही. कॅनन आणि निकॉन यांचे आलेख लेन्सच्या आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात, तर झाइस प्रत्यक्ष लेन्सवर मोजलेले देते. दोन वेगळ्या कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून एखादी रेघ वर आहे म्हणून निकाल लावता येत नाही. झूमचे आलेख बहुधा दोन टोकांचेच मिळतात, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचे आणि अनंत अंतराचे. त्यातली एक रेघ मिलिमीटरला १० रेषाजोड्यांची (एक काळी आणि एक पांढरी रेषा मिळून एक जोडी), ती एकूण कॉन्ट्रास्ट सांगते. दुसरी ३० ची, ती बारकावे सांगते. पण तुमचा सेन्सर तत्त्वतः १२८ रेषाजोड्यांपर्यंत वेगळ्या करू शकतो. म्हणजे आलेखातले ‘बारकावे’ तुमच्या पिक्सेलच्या हिशेबाने बरेच जाड आहेत. आणखी एक: आडवा अक्ष केंद्रापासूनचं अंतर दाखवतो आणि फुल फ्रेमसाठी (३६ × २४ मिमीच्या, एपीएस-सीहून मोठ्या सेन्सरसाठी) तो सुमारे २१.६ मिमीपर्यंत जातो. एपीएस-सी सेन्सरचा कोपरा १४ मिमीवरच संपतो. त्याच्या उजवीकडे रेघ कितीही कोसळली तरी तुम्हाला तिचं काही देणंघेणं नाही. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या लेन्सची तुलना करायला मात्र हे आलेख उत्तम आहेत, आणि मी ते त्यासाठीच वापरतो.

परीक्षणांतला विरोधाभास दोन गोष्टींनी समजतो. मोजलेले आकडे लेन्स आणि कॅमेरा या जोडीचे असतात, त्यामुळे वेगळ्या सेन्सरवर घेतलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. दुसरं म्हणजे परीक्षकाच्या हातातली एक लेन्स आणि तुमच्या मित्राची एक लेन्स, नाव तेच असलं तरी सारख्या नसतात. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या अमेरिकी कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलच्या अनेक लेन्स ऑप्टिकल बेंचवर (लेन्स मोजण्याच्या यंत्रावर) मोजून हा फरक वर्षानुवर्षं लोकांसमोर मांडला. झूममध्ये तो जास्त असतो, आणि त्याचं कारण उघड आहे: भिंगांचे अनेक गट पुढे-मागे सरकतात, आणि त्यातला एक किंचित तिरका बसला तरी परिणाम होतो.

मित्रांच्या दोन्ही लेन्स त्या दृष्टीने नक्की तपासा. एक ठळक वस्तू घ्या आणि कॅमेरा वळवून तीच वस्तू फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणा, प्रत्येक ठिकाणी फोकस नव्याने लावून. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या मॉडेलची रचना. तीन ठीक आणि एक वाईट असेल तर भिंग सरकलेलं आहे, आणि त्या लेन्सवरून मॉडेलबद्दल मत बनवू नका. भिंतीवरच्या विटांचा फोटो मी यासाठी वापरत नाही, कारण लांब लेन्ससमोर भिंत अचूक समांतर करणं फार कठीण, आणि कॅमेऱ्याचा तिरकेपणा लेन्सच्या नावावर जातो. ही तपासणी झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकदा करा.

शार्पनेसपलीकडचं थोडक्यात, पण ते दुय्यम समजू नका. प्रकाशाच्या दिशेने, उजळ आकाशासमोर बसलेल्या काळ्या पक्ष्याचा फोटो दोन्ही लेन्सनी घ्या. एका लेन्समध्ये काळा रंग काळा राहतो, दुसरीत त्यावर धुकट पडदा येतो. पाठीमागे काटक्यांचं जाळं असेल अशी जागाही शोधा. काही झूममध्ये फोकसबाहेरची प्रत्येक काटकी दुहेरी रेघ होऊन येते आणि पक्ष्यावरून नजर हटते. रंगीत कडांपैकी फ्रेमच्या काठाकडे वाढणाऱ्या लाल-निळसर कडा सॉफ्टवेअर सहज पुसतं. फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी अशी जी झाक येते ती पुसणं अवघड, म्हणून तिच्याकडे जास्त बारकाईने बघा. कॅननने १९६९ साली ३०० मिमी एफ/५.६ लेन्समध्ये फ्लोराइटचं भिंग वापरलं ते याच रंगदोषाशी लढायला. आणि लेन्सपुढचा फिल्टर चाचणीआधी काढून ठेवा. सपाट नसलेली काच लांब फोकल लेंग्थवर चित्र सरळसरळ बिघडवते.

फोटो बघतानाही शिस्त हवी. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या, सॉफ्टवेअरची लेन्स-सुधारणा बंद, शार्पनिंग सगळ्यांना सारखं, नॉइज रिडक्शन बंद. मग फाइलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि कुठली लेन्स आहे ते न कळता क्रम लावा. मोठी आणि वजनदार लेन्स चांगलीच असणार हा समज डोळ्यांवर फार परिणाम करतो.

एवढं करून हाती काय लागेल? तुमच्या जागी मी १५०-६०० ला लांब टोकाला पूर्ण उघडी आणि एफ/८ वर, आणि १००-४०० ला ४०० वर तशीच, एकाच जागेवरून २५ मीटरवर ताडली असती. ६०० च्या फोटोत मोठ्या केलेल्या ४०० पेक्षा जास्त तपशील स्पष्ट दिसला आणि तो फरक तुमच्या लघुतम मापापेक्षा मोठा असला, तर लांब बसलेल्या पक्ष्यांसाठी ती घ्या. मात्र एफ/८ वरच ती सावरत असेल तर उजेडाचा हिशेब करा: एफ/६.३ वरून एफ/८ ला जाताना दोन तृतीयांश स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) जातो, म्हणजे १/१६०० चा शटर १/१००० वर येतो. उडत्या पक्ष्यासाठी ही किंमत जड आहे, आणि तिथे हलकी, पटकन फोकस लावणारी १००-४०० जास्त फोटो हातात देईल. फरक मापाच्या आतच राहिला तर इमेज क्वालिटीचा मुद्दा बाजूला ठेवा, आणि तासभर हातात धरून कोणती पेलते त्यावर ठरवा.

तुमची ७०-३०० देखील त्याच दिवशी, त्याच जागेवरून ३०० वर चाचणीत घ्या. नव्या लेन्सने नेमकं किती मिळणार हे तिच्याशिवाय कळणार नाही. आणि निकाल दाखवाल तेव्हा निवडलेली एक फ्रेम नको, प्रत्येक लेन्सच्या दहाच्या दहा फ्रेम दाखवा, अंतर आणि वेळ लिहून. त्यावरून मी लेन्सबद्दल जास्त नेमकं सांगू शकेन.